खिशातल्या चाकूची दोरी सारखी तुटते, सुटते, रंग सोडते: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

वेंगुर्ल्याजवळ आमची छोटी रोपवाटिका आहे, काजू आणि आंब्याच्या कलमांची. कलम बांधणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात घडीचा चाकू असतो आणि चाकूला रंगीत दोरी. बाजारात तिला लॅनयार्ड म्हणतात. आमच्याकडे नुसती दोरी, आणि विणलेली असेल तर गोफ. ही हौस नाही. पावसात पिशव्यांच्या ओळींमधल्या गवतात चाकू पडला की संध्याकाळपर्यंत सापडत नाही, आणि सापडतो तो बहुतेक कुणाच्या तरी पायाला. म्हणून केशरी नाहीतर लाल दोरी. माझी पहिली दोरी हिरवी होती. दिसायला फार सुंदर. चाकूसकट ती अजून त्या गवतातच आहे.

गेली कित्येक वर्षं गड्यांच्या आणि शेजारच्या होडीवाल्यांच्या चाकूंना दोऱ्या मीच बांधतो, आणि सुटल्या की माझ्याकडेच येतात. तक्रारी ठरलेल्या आहेत. कारणंही ठरलेली आहेत, पण लोक दर वेळी एकच उपाय करतात: नवी दोरी बांधतात. मीही तीन पावसाळे तेच केलं.

लक्षणं

यातलं तुमचं कुठलं ते आधी ओळखा.

- दोरी चाकूच्या मुठीतल्या भोकापाशीच तुटते. नवी बांधली तरी पुन्हा तिथेच.
- सकाळी आवळलेली गाठ दुपारपर्यंत सैल होते, मणी घसरून खाली येतो.
- टोक पिंजारतं, किंवा बाहेरचं रंगीत आवरण तसंच राहतं आणि आतले पांढरे धागे आत ओढले जातात.
- दोरी सुकटीसारखी कडक आणि खरखरीत होते.
- रंग हाताला, खिशाला लागतो. किंवा लागत नाही, नुसता उडत जातो.
- भोकाजवळ दोरीवर तांबूस डाग पडतो.
- दोन रंगांच्या गोफात रंगांचा जोडच निखळतो.
- मणी चिकट होतो.

एक विनंती. तुटलेलं टोक फेकू नका. उजेडात धरून नीट बघा, निम्मं निदान तिथेच होतं. धागे वेगवेगळ्या लांबीचे आणि एका बाजूने पिंजारलेले असतील तर दोरी घासून गेली. सगळे धागे एका रेषेत साफ असतील तर पातं लागलं, बहुधा चाकू मिटताना दोरी मध्ये आली. टोक शाबूत असून तिथे नागमोडी वळण दिसत असेल तर दोरी तुटलीच नाही, गाठ सरकली. आणि टोकावर कडक, चकचकीत गोळी असेल तर वितळवून केलेला जोड निघाला. चार कारणं, चार वेगळे उपाय. बाजारातून नवी दोरी आणून यातलं एकही कारण जात नाही.

१. आधी धुवा

फुकटची तपासणी म्हणून हिला पहिला मान. कडक झालेली, गाठ न धरणारी दोरी अनेकदा खराब झालेलीच नसते, खारवलेली असते. आमच्या बाजूला मीठ दुकानातून आणायची गरज नाही. जवळच्या शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली सत्याग्रह झाला, तेच मीठ वाऱ्याबरोबर दोरीतही येऊन बसतं. समुद्राचं पाणी दोरीत मुरतं, पाणी उडून जातं आणि मिठाचे बारीक कण धाग्यांच्या मध्ये राहतात. दोरी वाकली की ते कण आतून धागे घासतात. शिवाय मीठ हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून अशी दोरी दुपारी कडक आणि रात्री दमट लागते. दमट दोरी ज्या लोखंडाला टेकते ते गंजतं. एका मिठाने दोन नुकसानं.

दोरी चाकूवरून सोडवता येत असेल तर सोडवा. कोमट गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवा, चोळून पिळा, पाणी बदला, पुन्हा भिजवा. दुसऱ्या पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब चालतील. होडीवाले पाण्याचा थेंब जिभेला लावून खारटपणा गेला का ते बघतात. रोपवाटिकेतल्या दोरीला बुरशीनाशक लागलेलं असतं, तेव्हा आपण जिभेच्या फंदात पडू नये, सरळ तिसरं पाणी करावं.

आंब्याचा चीक लागला असेल तर नुसत्या पाण्याने तो हलत नाही. खोबरेल तेलाचा हात लावून दहा मिनिटं ठेवा, मग साबणाने धुवा. ओल्या काजूबीचं तेल लागलेली दोरी मात्र मी वाचवायच्या भानगडीत पडत नाही. ते तेल हाताची सालं काढतं, आणि दोरी दिवसभर मनगटाला घासत असते. फेकून द्या.

वाळवायची सावलीत. उन्हात लवकर वाळते हे खरं, पण रंग आणि धागा दोन्ही खाणारं ऊनच आहे.

धुऊन वाळवल्यावर दोरी मऊ झाली आणि गाठ पुन्हा धरू लागली, तर तुमचं काम इथेच संपलं. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा हेच करा.

२. दोरी कशाची आहे ते ओळखा

ही पायरी लोक गाळतात आणि पुढच्या सगळ्या चुका इथून होतात. सुताच्या दोरीचं टोक पेटवून वितळवायला बघणारे मी पाहिलेत.

एक बोटभर तुकडा घ्या. साबणाच्या पाण्यात बुडवून आतली हवा पिळून काढा आणि साध्या पाण्यात सोडा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा तत्सम, म्हणजे होडीवरच्या निळ्या-हिरव्या दोरांच्या जातीचा. बुडाला तर नायलॉन, पॉलिस्टर किंवा सूत. आता अंगणात, चिमट्यात धरून, शेजारी पाण्याची वाटी ठेवून टोक पेटवा. कागद जळाल्यासारखा वास आला आणि मागे राख उरली तर सूत. वितळून गोळी झाली तर नायलॉन नाहीतर पॉलिस्टर. पॉलिस्टर जळताना काळा, काजळीचा धूर जास्त सोडतं.

हे कशासाठी? कारण प्रत्येकाची खोड वेगळी.

नायलॉन पाणी पितं. ओलं झालं की थोडं ताणतं, थोडी ताकदही कमी होते, आणि कोरडं असताना बांधलेली गाठ ओल्यात सरकते. पॉलिस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही आणि उन्हात नायलॉनपेक्षा टिकतं, म्हणून किनाऱ्यावर माझं मत पॉलिस्टरला. पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, हा होडीवर मोठा गुण, पण ऊन सोसत नाही. रंग तसाच दिसतो आणि अंगावरून भुकटी पडायला लागते. निळा दोर हाताला टोचू लागतो ना, तेच. सूत हाताला गोड, गाठ उत्तम धरतं, पण आमच्या पावसात कुजतं. काथ्या चाकूला बांधूच नये. तो सुंभ म्हणून शोभतो, खिशात खाज आणतो.

हल्ली पॅराकॉर्ड सगळीकडे मिळतो. त्यातल्या ५५० नावाच्या प्रकारात विणलेल्या नायलॉनच्या आवरणात सात पिळदार धागे असतात, जाडी साधारण ४ मिलिमीटर. ५५० म्हणजे पौंड, जवळपास २५० किलो भार. तुमचा चाकू शंभर-दीडशे ग्रॅमचा. म्हणजे दोरी ‘ओझ्याने’ तुटली असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

३. टोकं

चांगलं वितळवलेलं टोक गुळगुळीत, दोरीएवढंच जाड आणि रंगाने किंचित गडद असतं. काळं, फुगीर, तडकलेलं टोक म्हणजे दोरी वितळवली नाही, जाळली. तडकलेल्या काठाने बोट कापतं आणि त्या तडेतून आवरण सुटतं.

तेवढा भाग धारदार कात्रीने कापा. आतले सात धागे आत गेले असतील तर आवरण मागे सारून ते बाहेर काढा, सगळ्यांची टोकं एका पातळीत आणा, मगच कापा. टोक ज्योतीच्या निळ्या भागाजवळ धरा, ज्योतीत घालू नका. कडा आकसायला लागली की बाहेर घ्या आणि ओल्या चमच्याच्या पाठीने दाबा. बोटाने दाबू नका. वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं आणि चिकटून भाजत राहतं. तसं झालंच तर हात वीसेक मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, चिकटलेला गोळा ओढून काढू नका आणि डॉक्टरकडे जा. माझ्या अंगठ्यावर तो डाग आहे, मी ओढला होता.

सुताची दोरी वितळत नाही. तिच्या टोकाला बारीक दोऱ्याचे दहा-बारा घट्ट वेढे द्या आणि दोऱ्याचं टोक वेढ्यांच्या खालून ओढून घ्या. होडीवरचे सगळे हे डोळे मिटून करतात, कुणालाही विचारा.

४. गाठ

टोकावर नागमोडी वळण सापडलेल्यांनी इथे थांबावं.

पहिली शंका: शेपूट आखूड ठेवलं का? गाठीच्या बाहेर निदान बोटभर दोरी हवी. दिसायला बरं म्हणून लोक गाठीला चिकटून कापतात. दुसरी शंका: सुरगाठ मारून वर मणी ओवला का? सुरगाठ ओढली की सुटते, तिचा धर्मच तो. दोरीच्या शेवटाला निरगाठच हवी.

तिसरी शंका मला फार उशिरा कळली. शेजारी एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, आहेत, त्यांनी मला कोरड्या नायलॉनला दात लावून गाठ ओढताना बघितलं आणि म्हणाले, “झिला, आवळूच्या आधी भिजय गाठ.” तंगुसाला, म्हणजे मासेमारीच्या नायलॉनच्या तारेला, गळ बांधताना ते गाठ थुंकीने ओली करतात, ते मी शंभरदा पाहिलं होतं, पण हेच चाकूच्या दोरीलाही लागू आहे हे सुचलं नव्हतं. ओल्या गाठीत दोरी दोरीवरून सरकत जाऊन नीट बसते. कोरडी दोरी मध्येच अडकते, आपल्याला वाटतं घट्ट झाली, आणि पहिल्या पावसात ती उरलेली जागा सैल होते.

एकच टोक ओढून गाठ बसत नाही. गाठीतून जेवढे पदर बाहेर येतात तेवढे एकेक करून ओढा, थोडं थोडं, दोन फेऱ्या. मग चाकू मिटलेला असताना दोरीला धरून दहा-बारा झटके द्या आणि गाठीजवळ पेनाने खूण करा. संध्याकाळी खूण सरकली असेल तर गाठ पुन्हा मारा.

नव्या नायलॉनची आणखी एक गंमत: पहिल्यांदा भिजून वाळलं की ते थोडं आकसतं. न भिजवता गोफ विणला तर पहिल्या पावसानंतर तो पिळवटतो किंवा मनगटाचा फास लहान होतो. म्हणून दोरी विणण्याआधी गरम पाण्यात भिजवून वाळवून घ्यायची. पहिलं रंगाचं पाणीही त्यातच निघून जातं.

५. मणी

सावंतवाडीहून आणलेला लाखेचा मणी आमच्याकडे सगळ्यांना हवा असतो. लाल-पिवळा, लेथवर फिरवून चढवलेली लाख, बघत राहावं असं काम. पण कलमाचा चाकू आम्ही दर काही कलमांनंतर स्पिरिटने पुसतो, आणि लाख स्पिरिटात विरघळते. चार दिवसांत मणी चिकट, खिसा लाल. गड्याला वाटतं दोरीने रंग सोडला. दोरी बिचारी निर्दोष.

ओल्या पांढऱ्या फडक्याने मणी आणि दोरी वेगवेगळे पुसून बघा, चोर लगेच सापडतो. लाखेचा मणी सणासुदीच्या चाकूला ठेवा. कामाच्या चाकूला पितळी मणी नाहीतर करवंटीचा. पितळ हिरवं पडतं, चिंचेने चोळलं की उजळतं, पण चिंच लावल्यावर धुवायला विसरू नका. आणि लाखेच्या मण्याजवळ टोक वितळवायची वेळ आली तर मणी आधी लांब सरकवा. लाख आंच सोसत नाही, मऊ होते.

६. दोन रंगांचा जोड

इथे मी जरा रेंगाळणार, कारण दिसायला सुंदर आणि कामाला कुचकामी अशा दोऱ्या सगळ्यात जास्त याच प्रकारात येतात.

पद्धत अशी दिसते: केशरी दोरीचं टोक आणि काळ्या दोरीचं टोक वितळवायचं, गरम असतानाच एकमेकांना चिकटवायचं, आणि ती एक दोरी समजून विणायची. शिमग्यात गोफ खेळताना प्रत्येकाच्या हातातली रंगीत पट्टी वर एकाच जागी बांधलेली असते, म्हणून तो गोफ विणता येतो आणि उलगडता येतो. इथे मात्र दोन पट्ट्या टोकाला टोक चिकटवल्यात. वितळलेला जोड कडक असतो, त्याला लवचीकपणा नाही. सरळ ओढीत टिकेलही, पण वाकवला की कड्कन मोडतो. तुटलेल्या टोकावर चकचकीत गोळी दिसली ती हीच.

नवी विणताना एक नियम पाळा: चाकूचा भार एका अखंड दोरीवर. एका रंगाची दोरी मधोमध दुमडायची, दुमडलेला फास चाकूच्या भोकातून काढायचा, दोन्ही टोकं त्या फासातून ओवून ओढायची. हे दोन पदर मधला कणा. दुसऱ्या रंगाची दोरी या कण्याभोवती विणायची, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. ऐंशीच्या दशकात घराघरात मॅक्रमेच्या झुंबरांना जी चौकोनी गाठ मारत तीच ही वीण. आईला किंवा मावशीला विचारा, व्हिडिओपेक्षा लवकर शिकवतील. दुसऱ्या रंगाची दोरी उद्या पूर्ण झिजली तरी चाकू खाली पडत नाही, कारण तिच्यावर भार नाहीच.

मापासाठी ढोबळ हिशेब: विणलेल्या प्रत्येक इंचाला साधारण एक फूट दोरी लागते. चार इंचांच्या गोफाला विणायची दोरी पाच फूट घ्या, कण्याची वेगळी दोन फूट. कमी पडली की लोक मध्ये जोड देतात आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर.

आमच्याकडे प्रत्येकाचा रंग ठरलेला आहे. कणा सगळ्यांचा केशरी, वरची वीण ज्याची त्याची. चाकूंची अदलाबदल थांबली आणि धार कोणी घालवली यावरची भांडणंही.

७. भोक

आता माझी गोष्ट. माझी केशरी दोरी तीन पावसाळ्यांत तीनदा तुटली, तीनही वेळा भोकापाशी. पहिल्यांदा मी दोरीवाल्याला नावं ठेवली. दुसऱ्यांदा जाड दोरी बांधली. तिसऱ्यांदा त्याच तांडेल काकांकडे बसून कुरकुर करत होतो. त्यांनी चाकू हातात घेतला, दोरीकडे बघितलंसुद्धा नाही. नखाने भोकाची कड चाचपली आणि म्हणाले, “दोरयेचो दोष नाय. बुराक बघ आधी.”

घरी येऊन मोबाईलचा उजेड पाडून बघितलं. भोकाची बाहेरची कड गोल होती, आतल्या बाजूला मात्र ड्रिल बाहेर पडताना उठलेली बारीक कंगोऱ्यासारखी कडा तशीच होती. तिच्यावर गंजाचे दाणे. चाकू कमरेला लोंबकळतो, पावलागणिक झुलतो, आणि दर झोक्याला दोरी त्या करवतीवरून पुढेमागे. त्यात पिशव्या भरायच्या मातीतली वाळू. जाड दोरीने उलट केलं: भोकात ती ठासून बसली आणि जास्तच घासली.

तपासणी अशी. दोरी काढा. चाकू मिटवून पातं आणि तोंड चिकटपट्टीने गुंडाळा. कापसाची पातळ वात करून भोकातून दोन्ही दिशांनी ओढा. कापूस अडकला, तंतू मागे राहिले, की तिथेच दोष. हातमोजा घालून चाचपू नका, काही कळत नाही. नखाने चाचपा.

उपाय स्वस्त आहे. ४०० नंबरच्या वॉटर पेपरची (बारीक घासकागदाची) अगदी बारीक पुंगळी करा, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाका आणि भोकातून फिरवत ओढा. कड मोठी असेल तर आधी २२० नंबरचा. भोक मोठं करायचं नाही, फक्त दोन्ही तोंडांच्या कडा गोल करायच्या. सुई-कानस असेल तर काम लवकर होतं, पण हात घसरला की मुठीवर ओरखडा कायमचा. कापूस सुळकन निघाला की थांबा. भोक साबणाच्या पाण्याने धुऊन भुकटी घालवा, नाहीतर तीच भुकटी नव्या दोरीला खाईल. कोरडं करा, तेलाचा हात द्या. खोबरेल इथे नको, ते काही दिवसांनी चिकटतं आणि धूळ धरतं.

त्यानंतर बांधलेली दोरी तिसरा पावसाळा बघते आहे.

भोक ३-४ मिलिमीटरचं असेल तर दुमडलेला पॅराकॉर्ड त्यातून जात नाही. लोक स्क्रूड्रायव्हरने ढकलतात आणि दोरी आत जातानाच फाटते. एक तर २ मिलिमीटरची दोरी घ्या, नाहीतर पॅराकॉर्डचे आतले धागे काढून नुसतं आवरण वापरा. ताकद कमी होते, पण चाकूला पुरून उरते. ओवायला तंगुसाचा फास करा, दोरी त्यात अडकवा आणि तंगूस ओढा.

भोकाऐवजी कडी असेल तर कडी बघा. चावीच्या साध्या कड्यांवर पातळ चमक चढवलेली असते. ती घासली गेली की आतलं लोखंड उघडं, आणि दोरीवर तांबूस डाग. कडीच्या दोन वेटोळ्यांच्या मधल्या फटीत मीठ अडकतं, तिथे गंज आधी धरतो. होडीवर काम असेल तर ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलची कडी मागा. खाऱ्या पाण्यात ती ३०४ पेक्षा जास्त टिकते. दोरीवरचा गंजाचा डाग उठवत बसू नका. तिथला धागा खरखरीत लागत असेल तर दोरी बदलाच.

८. रंग

फिका पडणं आणि रंग सुटणं हे दोन वेगळे आजार. ओलं पांढरं फडकं दोरीवर चोळा. फडकं रंगलं तर रंग सुटतोय: पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. फडकं पांढरंच राहिलं आणि दोरी फिकी, तर ऊन खातंय. गेलेला रंग धुऊन परत येत नाही.

घरी रंगवायचं असेल तर दुसऱ्या मुद्द्यातलं निदान इथे लागतं. नायलॉन आम्लाच्या रंगाने रंगतं: पाण्यात रंग, थोडं व्हिनेगर, उकळीच्या खाली ठेवून अर्धा तास. भांडं पुन्हा स्वयंपाकाला नाही, हे घरच्यांनी सांगायच्या आत ठरवा. पॉलिस्टरवर तो रंग बसत नाही. पॉलिप्रॉपिलीन तर कुठलाच घरगुती रंग धरत नाही, त्याचा रंग कारखान्यातच प्लास्टिकमध्ये मिसळलेला असतो. ‘मीठ घातलं की रंग पक्का होतो’ हे सुताबद्दल खरं आहे, सुतात रंग जास्त उतरायला मीठ मदत करतं. नायलॉनला त्याचा तसा उपयोग नाही, उलट आपण पहिल्या पायरीत काढलेलं मीठ पुन्हा भरतो.

फिका रंग म्हणजे दोरी बाद असं नाही. फिक्या दोरीला नखाने खरवडा. तंतू तुटून निघाले तर बाद.

९. लांबी आणि टांगायची जागा

वरचं सगळं ठीक असून दोरी तुटत असेल तर ती कुठेतरी अडकते आहे. खिशाबाहेर चार बोटं दिसली की पुरे. हातभर लांब गोफ काजूच्या फांदीत, जाळ्यात, मोटारसायकलच्या किल्लीत अडकतो. चाकू मिटण्याआधी दोरी पात्याच्या वाटेतून बाजूला घ्यायची सवय लावा. साफ कापलेली टोकं तिथूनच येतात.

आणि हे वाक्य दोनदा वाचा: गवत कापायचं मशीन, होडीचं इंजिन किंवा जाळं ओढायची विंच चालू असताना चाकूची दोरी मनगटात किंवा गळ्यात घालायची नाही. २५० किलोला न तुटणारी दोरी फिरत्या दांड्यात गेली तर दोरी तुटणार नाही, हात जाईल. गळ्यातच हवी असेल तर मध्ये झटक्याने निघणारी क्लिप घाला.

इथे थांबा, जाणत्याकडे जा

दोरीचं काम घरचं, चाकूचं नाही. पुढचं काही दिसलं तर वॉटर पेपर खाली ठेवा.

मुठीला भोकापासून तडा गेलाय. तडा चिकटवून दोरी बांधली की झोक्यासरशी तो वाढतो आणि एक दिवस मूठ हातात उघडते. कंपनीच्या दुरुस्तीकडे द्या, नाहीतर मूठ बदलणाऱ्या कारागिराकडे.

पातं उघडल्यावर डावीकडे-उजवीकडे हलतं, किंवा कुलूप असलेल्या चाकूचं कुलूप दाबल्याशिवायच मिटतं. हा दोरीचा प्रश्नच नाही. असा चाकू वापरू नका, बोटांवर मिटतो. सांध्याची खीळ ठोकून घट्ट करायला जाऊ नका. मी ठोकली, चाकू नंतर उघडेचना.

चाकूला भोकच नाही आणि पाडायचंय. कडक पाणी दिलेल्या पोलादात घरचं ड्रिल चालत नाही, टोक घसरतं, आणि जोर करून तापवलं तर पाणी उतरतं, मग त्या भागाची धार राहत नाही. लोहाराला किंवा मशीनच्या कामाच्या दुकानात दाखवा, तेही ‘नको’ म्हणाले तर ऐका. कापडाची पिशवी शिवून तिला दोरी लावली तरी चालतं.

गंज सांध्याच्या आत उतरलाय, चाकू उघडताना करकरतो आणि तेल घालूनही तांबडं पाणी येतं. धारवाल्याकडे द्या, तो खोलून साफ करेल.

आणि शेवटचं, कारण गेल्या हंगामात एकाने खरंच विचारलं: माडावर किंवा पोफळीवर चढताना हाच पॅराकॉर्ड कमरेला बांधला तर? नाही. २५० किलो हा सावकाश ओढीचा आकडा आहे, माणूस पडतो तो झटक्याने, आणि गाठीपाशी ताकद आणखी घटते. चढायला त्या कामाचा पट्टा आणि दोर घ्या, आणि तो वापरायला ज्याला येतो त्याच्याकडून शिकून घ्या. चाकूची दोरी चाकूला.